डेस्मंडचे बारा महिने

हॉलिस्टर, ४ फेब्रुवारी २०१९

प्रिय आयरा,

प्रार्थनेच्या दिवशी तू जे काचेचं भांडं भरून मॅकरोनी आणलीस ते धुऊन ठेवलं आहे. इकडे येशील तेव्हा घेऊन जा. घाई नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. कंपनीकडून डेस्मंडच्या नावाचं एक जाड पाकीट आलं. त्यात लिहिलं आहे की कै. डेस्मंड हॅवरकँप यांचे चाळीस हजार ऑप्शन पक्के झालेले असून त्यांच्या वारसाने ११ ऑक्टोबर रोजी संध्याकाळी पाचच्या आत काय ते करावं. मला वाटलं, विम्यासारखं काहीतरी असेल. मी ते घेऊन बँकेत गेले आणि खिडकीवरच्या मुलीला म्हटलं, हे माझ्या खात्यात जमा कर. तिने वाचलं, मग कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. म्हणाली, "मिसेस हॅवरकँप, हे पैसे नाहीत." मी म्हटलं, "मग काय आहे?" तिलाही सांगता येईना. दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसले.

डेस्मंड ऑप्शनबद्दल बोलायचा, पण आपल्याकडच्या जर्दाळूंबद्दल बोलावं तसं. "या महिन्यात आणखी थोडे पिकले, लोर्ना." मी म्हणायची, "बरं झालं," आणि त्याच्या डब्यात उकडलेली अंडी घालायची. इतकंच मला माहीत.

त्यानेच तुला तिथे कामाला लावून दिलं, तेव्हा तुला कळत असेल. फोनवर सांगू नकोस, मला कागदावर लागतं. पेन्सिल घेऊन बसलं की मला समजतं. आणि कंपनीच्या ईमेलवरून तर नकोच. तिथलं सगळं कोणीतरी वाचतं असं तो म्हणायचा.

ट्रेलर अजून अंगणातच उभा आहे. एका चाकातली हवा गेली आहे.

तुझी,
लोर्ना आंटी


सनीवेल, १७ फेब्रुवारी २०१९

प्रिय लोर्ना आंटी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हाताने लिहायची सवय गेली आहे, अक्षर लागलं नाही तर माफ कर.

ऑप्शन म्हणजे शेअर नाही, शेअर विकत घ्यायचा हक्क आहे. समज, तुझ्या शेजारच्या बागवाल्याने अंकल डेस्मंडला सात वर्षांपूर्वी लिहून दिलं असतं की तू माझ्याकडे काम कर, मजुरी थोडी कमी घे, त्याबदल्यात माझ्या जर्दाळूंचा भाव पुढे कितीही चढला तरी तुला पेटी आजच्याच भावात. पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत गेलास तर काहीच नाही. मग दर महिन्याला थोड्या थोड्या पेट्यांवर तुझा हक्क पक्का होत जाईल. तेच हे. अंकल सुरुवातीला आला म्हणून त्याचा भाव एक डॉलर नव्वद सेंट. मागच्या वर्षी गुंतवणूकदारांनी एका शेअरला चौदा डॉलर दिले.

म्हणजे शहात्तर हजार भरलेस तर तुझ्या हातात साडेपाच लाखांचा माल येतो. आंटी, बाकीचं आयुष्य तुला शाळेच्या पेन्शनकडे बघावं लागणार नाही. अंकलने याच्यासाठीच दररोज पहाटे साडेचारला गाडी काढली. हे सोडू नकोस.

नंतर मिळालेले आठ हजार अजून कच्चे होते, ते गेले. माणूस गेला की कच्चं राहत नाही. माफ कर, असं लिहायला नको होतं.

बायकोशिवाय घर रिकामं वाटतं. नोरीन अजून तिकडे दूर क्लॅमथ फॉल्सला आजारी वडिलांजवळच आहे. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे.

तुझा,
आयरा


हॉलिस्टर, १० मार्च २०१९

प्रिय आयरा,

पाकिटात योजनेची पुस्तिकाही होती. तीन आठवडे ती वाचते आहे. अडलं की ग्रंथालयात जाते. तिथल्या बाईंनी मला खिडकीजवळचं टेबल ठरवूनच दिलं आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात असतानाही मी असंच वाचायची, भट्टी तापेपर्यंत एक पान. माझी गती तेवढीच आहे.

बागेचं उदाहरण छान होतं. पण जर्दाळूची पेटी मी रस्त्यावर टेबल मांडून विकू शकते. हे शेअर घेतले तर कोणाला विकू? पुस्तिकेत म्हटलं आहे, कंपनीच्या परवानगीशिवाय कोणालाही नाही. म्हणजे कंपनी विकली जाईपर्यंत किंवा बाजारात येईपर्यंत ते कपाटात राहणार. शिवाय तू कराचं लिहिलं नाहीस. शहात्तर हजार भरायचे, आणि कागदावर जो फायदा दिसतो त्यावर सरकारही कर मागू शकतं, हातात दमडी आलेली नसताना. बरोबर का?

माझ्याकडे एवढे पैसे नाहीत हे तुला ठाऊक आहे. घर आहे. त्याचं कर्ज आम्ही दोघांनी मिळून फेडलं, शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी डेस्मंडने फुटपाथवर बसून बीअर प्यायली. बँकवाले घरावर पुन्हा कर्ज द्यायला तयार आहेत. जरा जास्तच तयार आहेत.

दुसरं. चाळीस हजार शेअर, पण कितीपैकी? वडीचा एक तुकडा म्हटलं तर मला आधी ताट बघावं लागतं. आणि अठराव्या पानावर आहे की कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदार आपले पैसे आधी काढून घेणार, उरलं तर बाकीच्यांना. रांगेत डेस्मंडच्या पुढे किती जण आहेत?

आणखी एक वाचलं. नोकरी सोडली तर ऑप्शन घ्यायला नव्वद दिवस. मरण आलं तर बारा महिने. मेलेल्यांची कंपनीला जास्त काळजी दिसते.

त्यावरून मनात आलं ते विचारते. डॉक्टरांनी मागच्या एप्रिलमध्येच सांगितलं होतं की त्याच्याकडे थोडेच महिने आहेत. माझ्या नोकरीतला औषधपाण्याचा विमा आम्हा दोघांना पुरत होता. ट्रेलर धुऊन तयार होता, फोर्ट ब्रॅगला समुद्रावर जाऊन त्यात राहायचं ठरलं होतं. मग तो ऑक्टोबरपर्यंत कामावर का जात राहिला? तू त्याच्या शेजारच्या टेबलावर होतास. तुला काही म्हणाला का?

लोर्ना आंटी


सनीवेल, १४ एप्रिल २०१९

प्रिय लोर्ना आंटी,

उशीर झाला. नवं यंत्र तपासणीला आलं होतं, दोन आठवडे प्रयोगशाळेतच होतो. नोरीनचे वडील जिन्यावरून पडले, खुबा मोडला. आता ती एवढ्यात येत नाही.

तू विचारलंस, कितीपैकी. खरं सांगू? मला माहीत नाही. इथे आपला आकडा प्रत्येकाला जन्मतारखेसारखा पाठ असतो. माझा बावीस हजार. पण कितीपैकी, हे कोणी विचारत नाही. विचारणं म्हणजे लग्नात नवरीच्या बापाला जेवणाचा खर्च विचारण्यासारखं. एकाने विचारलं होतं, तो सहा महिन्यांत दुसरीकडे गेला. पण तू म्हणतेस तर मी विचारीन.

कराचं तू म्हणतेस ते बरोबर आहे. तरीही घे असंच मी म्हणेन.

तू पुढे विचारशील म्हणून आधीच सांगतो, मी का जात नाही क्लॅमथ फॉल्सला. गेलो की त्या दिवसापासून नव्वद दिवस. मी अंकलनंतर आलो, माझा भाव जास्त, म्हणजे अडुसष्ट हजार भरायचे आणि वर कर. नाही भरले तर पाच वर्षं गेली. म्हणून थोडं थांबतो. कंपनी विकली गेली की सगळं सुटेल. मी मजेत आहे.

तुझा,
आयरा


हॉलिस्टर, २ मे २०१९

प्रिय आयरा,

मी बरंच काही विचारलं होतं. एका गोष्टीला तू हात लावला नाहीस.

डेस्मंडला माझ्यापेक्षा प्रयोगशाळा आवडत असेल तर सांगून टाक. मी एकसष्ट वर्षांची आहे, सोसेन. शेवटी शेवटी त्याला गिअर टाकतानाही धाप लागायची. मी दारात उभी राहून म्हणायची, "आज राहू दे ना." तो म्हणायचा, "आज महत्त्वाचं आहे." रोजच महत्त्वाचं होतं. गाडीचे दिवे कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघायची आणि मनात त्याला शिव्या द्यायची. त्या शिव्या अजून तशाच आहेत, कुठे ठेवायच्या कळत नाही.

नोरीनचं कार्ड आलं. तिने लिहिलं आहे, "आयरा मजेत आहे असं म्हणतो." पुढे काहीच नाही, फक्त सही.

कर्जाचे कागद तयार होऊन आले. टेबलावर आहेत. सही राहिली आहे.

लोर्ना


सनीवेल, २३ जून २०१९

प्रिय लोर्ना आंटी,

हे पत्र तीन वेळा सुरू केलं.

दर शुक्रवारी आमची सगळ्यांची सभा असते, डोनटची खोकी मांडलेली असतात. आमचा मालक ग्रेडी स्टुलावर बसून बोलतो आणि शेवटी विचारतो, "काही प्रश्न?" लोक विचारतात की कॉफीचं यंत्र कधी बदलणार. मागच्या शुक्रवारी मी हात वर केला. म्हटलं, "कंपनीचे एकूण शेअर किती आहेत? आणि उद्या कंपनी विकली तर आमच्याआधी किती पैसे बाहेर जातील?"

डोनट चावणारे थांबले. ग्रेडी हसला. म्हणाला, "आयरा, आम्हाला सोडून निघालास की काय?" सगळे हसले. मीही हसलो. मी म्हटलं, "नाही, डेस्मंडच्या बायकोला ठरवायचं आहे, तिच्यासाठी विचारतोय." तो जरा गंभीर झाला. म्हणाला, "डेस्मंड आपल्या घरचा माणूस होता. लोर्नाला माझा नमस्कार सांग. पण ते आकडे आम्ही देत नाही. विश्वास ठेवा, आपण सगळे एकाच नावेत आहोत."

दुपारी जेवायला माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. गोदामातला हेक्टर तेवढा जाता जाता म्हणाला, "नावेत आहोत हे खरं रे. वल्ही कोणाकडे आहेत आणि लाइफजॅकेट कोणाकडे, ते त्याने सांगितलं नाही."

म्हणजे तुला मी उत्तर आणू शकलो नाही. पाच वर्षं ज्याच्यासाठी थांबलो ते ताट मी कधी पाहिलंच नाही, हे मला त्या टेबलावर एकट्याने सँडविच खाताना कळलं.

आता राहिलेली गोष्ट. मी टाळली, कारण अंकलने शब्द घेतला होता.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही पार्किंगमध्ये त्याच्या पिकअपमध्ये बसलो होतो. त्याला वर चढण्याआधी दम खायला लागायचा. मी म्हटलं, "अंकल, सोड आता. आंटीला घेऊन समुद्रावर जा." तो म्हणाला, "सोडलं तर नव्वद दिवस, पोरा. तेवढ्यात पैसे कुठून उभे करू, आणि मी नव्वद दिवस टिकेन की नाही तेही कळत नाही. लोर्नाच्या अंगावर सगळं एकदम पडेल. इथे कामावर असताना गेलो तर तिला बारा महिने मिळतात." मी म्हटलं, "तिला सांगितलंस?" तर म्हणाला, "सांगितलं तर ती मला जाऊ देणार नाही. तिला वेळ लागेल, आयरा. ती हळू वाचते, पण नीट वाचते. तिला तेवढा वेळ मिळायला हवा."

मग त्याने अंड्याचं टरफल सोलून खिडकीबाहेर टाकलं आणि म्हणाला, "चल, आज महत्त्वाचं आहे."

त्याला प्रयोगशाळा आवडत नव्हती, आंटी. शेवटच्या महिन्यांत तर त्याला तिथला वासही सहन व्हायचा नाही.

आयरा


हॉलिस्टर, ३० जुलै २०१९

आयरा,

लिहायला महिन्यावर लागला. तुझ्यावर राग नाही.

आधी मला बरं वाटलं. चार दिवस मी घरभर त्याच्याशी बोलत होते. दारात उभी राहून दिलेल्या शिव्या एकेक परत घेतल्या. मग पाचव्या दिवशी भांडी घासताना मला त्याचा असा राग आला की कप फुटला.

त्याने मला बारा महिने मिळवून दिले. त्यासाठी स्वतःचे सहा दिले. मला त्या बारांचं काय करायचं होतं? मला ते सहा हवे होते. खोकत का होईना, फोर्ट ब्रॅगला खुर्चीवर बसलेला हवा होता. तो माझ्यासाठी तिथे अडकून राहिला आणि मला वाटत राहिलं की त्याला यायचंच नाही.

आणि आता मी अडकले. तुला कळतं का कसं ते? नाही घेतले तर तो पन्नास मैल जाऊन पन्नास मैल येत कशासाठी खोकत होता? घेतले तर ज्या घरात त्याच्या बुटांची जागा आहे ते मी अशा वस्तूपायी गहाण टाकते जिचं ताट तुझा मालक दाखवत नाही. रोज सकाळी एकीकडून विचार करते, रात्री दुसरीकडून. कागदांवर धूळ बसते, पुसते, पुन्हा ठेवते. एकदा पेन उघडलंसुद्धा. सहीतलं एल काढलं आणि थांबले.

तू काय म्हणतोस? यावेळी खरं सांग.

लोर्ना


सनीवेल, १५ सप्टेंबर २०१९

प्रिय लोर्ना आंटी,

खरं सांगायचं तर मला काहीच माहीत नाही. कंपनी विकण्याची बोलणी चालली आहेत की नाही, यावर आम्ही एक अक्षर बोलायचं नाही असं लिहून घेतलं आहे. जे बोलायला परवानगी आहे त्याचा तुला उपयोग नाही. घे, असं मी फेब्रुवारीत म्हटलं. ते तुझ्यासाठी म्हटलं नव्हतं बहुतेक. तू घेतले असतेस तर मी थांबलो ते शहाणपणाचं ठरलं असतं.

एक बातमी आहे. ग्रेडीने मला बोलावलं. मला वाटलं, त्या प्रश्नाबद्दल असेल. तो म्हणाला, "डेस्मंडची जागा वर्षभर रिकामी आहे. तू घे." पगार थोडा जास्त आणि वर नवे तीस हजार ऑप्शन. चार वर्षांचे. पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत गेलो तर त्यातलं काही नाही.

मी विचार करतो म्हटलं. तो म्हणाला, "विचार काय करायचाय? १५ ऑक्टोबरपर्यंत सही दे."

काल सगळे गेल्यावर मी अंकलच्या खुर्चीत बसून पाहिलं. ती डावीकडे कलते. खालच्या खणात त्याचा स्क्रूड्रायव्हर आणि मिठाची पुडी अजून आहे.

नोरीनला अजून सांगितलं नाही. तिला आधीच खूप व्याप आहे. सही झाली की सांगेन. तिच्यासाठीच तर करतोय.

तुझा,
आयरा


फोर्ट ब्रॅगच्या अलीकडे, १२ ऑक्टोबर २०१९

प्रिय आयरा,

हे ट्रेलरमधून लिहिते आहे. गुरुवारी गॅरेजच्या माणसाने येऊन चारही चाकं बदलली. म्हणाला, "हे किती दिवस उभं आहे?" मी म्हटलं, "दीड वर्ष." ओढून आणायला डेस्मंडची पिकअप काढली. गिअर टाकताना त्याच्यासारखीच थांबत होते. चढावर माझ्यामागे गाड्यांची रांग लागली, एकाने भोंगा वाजवला, मी त्याला हात करून जायला सांगितलं.

कर्जाचे कागद निघण्यापूर्वी बँकेच्या पेटीत टाकले. सही न करता. ते अर्धवट एल खोडून.

मी हिशेब करून ठरवलं असं नाही. हिशेब लागतच नाही, ते मी आठ महिन्यांत पक्कं वाचलं आहे. उद्या कंपनी विकली जाईल आणि चौदाचे चाळीस होतील, असंही होईल. मग लोक म्हणतील की हॅवरकँपची बाई वेडी. म्हणू देत. डेस्मंडने मला वाचायला वेळ मिळवून दिला. मी पानन् पान वाचलं. त्याने मागितलेलं मी पुरं केलं. घर गहाण टाकायला त्याने सांगितलं नव्हतं.

काल दुपारपासून घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होते. पाचला पाच मिनिटं होती तेव्हा बटाटे सोलत होते. पाच वाजले. काही झालं नाही. समुद्राचा आवाज तोच. एक बटाटा हातातून पडला, वाळू लागली, पुन्हा धुतला. मग मात्र खुर्चीवर जाऊन बसले आणि अंधार होईपर्यंत उठले नाही. दुसरी खुर्चीही उघडून ठेवली होती. सवयीने उघडली, मग मिटवली नाही.

शेजारच्या ट्रेलरमधली बाई कुत्र्याला घेऊन आली. दुसऱ्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "मिस्टर कुठे आहेत?"

मी म्हटलं, "तो येणार होता. कामात अडकला."

खोटं बोलले असं वाटलं नाही.

आता तुझं. मी तुला सोड म्हणणार नाही आणि राहा म्हणणार नाही. तुझी बावीस हजारं, तुझी पाच वर्षं. खुर्ची डावीकडे कलते ती खालच्या स्क्रूमुळे, म्हणून तो स्क्रूड्रायव्हर तिथे आहे. बसणार असलास तर महिन्याला एकदा आवळ. पण "तिच्यासाठीच करतोय" हे वाक्य मी आधीही एकदा ऐकलं आहे, तुझ्याच पत्रात, दुसऱ्या माणसाच्या तोंडचं.

मंगळवारी सही करायची आहे ना? हे पत्र सोमवारी पोचेल, म्हणून मी आज गावात जाऊन जास्तीचे पैसे भरून टाकते. नोरीनला फोन कर. ठरवलेलं सांगायला नको, विचारायला कर. नव्वद दिवस, तीस हजार, चार वर्षं, सगळं तिच्यापुढे मांड आणि गप्प बस.

डेस्मंडने मला विचारलं नाही. मी हळू वाचते म्हणून त्याने बारा महिने मागून घेतले. विचारलं असतं तर मी दारात उभ्या उभ्या सांगितलं असतं. त्या उत्तराला मला वेळ लागला नसता.

तुझी,
लोर्ना आंटी